रूळ त्यांचे, गाडी आपली

“मामा, तुम्ही यवतमाळात राहता. दिवसातून चारदा लाइन जाते इथं. आणि तुम्ही घरात सर्व्हर चालवता?”

हे मला माझ्या चुलतबहिणीच्या जावयाने विचारले, तेही भर लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढणारा पोरगा थांबून ऐकत असताना. जावईबुवा पुण्यात संगणक अभियंता आहेत, हुद्दा मोठा आहे, आणि मूळचे दिग्रस तालुक्यातले असल्याने इथल्या उणिवा त्यांना पाठ आहेत. पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी माझ्या खोक्याचा रीतसर पंचनामा केला. वीज नाही, ऊन मरणाचे, डिस्क कधी ना कधी मरतेच, चोर आहेत, व्हायरस आहेत, आणि ‘उद्या तुम्ही नसलात’ तर ते कोणाला चालवता येणार? मोठ्या कंपन्या महिन्याला दीडशे रुपयांच्या आत हे सगळे करून देतात. तेव्हा घरचा सर्व्हर म्हणजे निवृत्त माणसाची हौस. त्यापेक्षा बागकाम करा, असा सल्लाही मिळाला.

जावयाशी पंगतीत वाद घालत नाहीत. मी बुंदी खाल्ली आणि गप्प बसलो. उत्तर आता देतो. त्यांचे अर्धे मुद्दे खरे आहेत, म्हणून तर उत्तर द्यायचे. अगदीच फालतू असते तर बुंदीबरोबर गिळले असते.

आधी ते खोके काय आहे ते सांगतो, कारण ‘सर्व्हर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बँकेतली थंडगार काचेची खोली येते. माझ्याकडे मुलाने टाकून दिलेला एक लहान डेस्कटॉप आहे. त्यात चार-चार टीबीच्या दोन डिस्क घातल्या, ओपनमीडियाव्हॉल्ट नावाची फुकट मिळणारी प्रणाली टाकली आणि एक वायर राउटरला जोडली. पडदा नाही, कीबोर्ड नाही. घरातल्या कोणत्याही संगणकावरून ते एखाद्या फोल्डरसारखे उघडते. ही करामत सांबा नावाच्या सॉफ्टवेअरची. अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्याने १९९२च्या सुमारास ते लिहायला घेतले आणि फुकट वाटले. फोन घरच्या वायफायवर आले की त्यांतले फोटो आपोआप खोक्यात उतरतात. ज्यांना अशी जुळवाजुळव नको त्यांच्यासाठी तयार डबे मिळतात, सिनॉलॉजी, क्यूनॅप अशा तैवानी कंपन्यांचे. जाणकार त्याला नॅस म्हणतात. आमच्या घरात त्याला ‘पेटी’ म्हणतात, आणि तिला एक पूर्वज आहे.

वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. १९७३ साली यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. त्या मांडवातल्या निगेटिव्ह वडिलांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या, तीन-चार दशकांच्या लग्न-मुंजी-बारशांच्या निगेटिव्हसोबत. काहींवर बुरशी चढली, काही चिकटल्या, पण बहुतेक टिकल्या. पुढे जानेवारी २०१९मध्ये संमेलन पुन्हा आपल्या गावी आले, अध्यक्ष अरुणा ढेरे. तोवर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा होता आणि मांडवात हजारो फोटो निघाले. त्यातले तुमच्याकडे आज किती आहेत, असे मी मध्यंतरी गावात विचारत फिरलो. एकाचा तो फोन पाण्यात पडला होता. दुसऱ्याने व्हॉट्सॲप साफ केले होते. तिसरा म्हणाला, “असतील ना जी कुठंतरी क्लाउडात,” आणि वर आभाळाकडे बघितले. मी हसलो नाही. पत्र्याच्या पेटीतले फोटो जिथे ठेवले होते तिथे होते, एवढीच माझी पहिली साक्ष.

त्या निगेटिव्ह मी आता स्कॅन करतो आहे. एक निगेटिव्ह नीट, न दाबता स्कॅन केली की साधारण १०० एमबीची फाइल होते. चार हजार निगेटिव्हना ४०० जीबी लागतात. गूगलकडून फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत दीडशे बसतात, आणि त्याच १५ जीबीत ई-मेलही येते.

आता विजेचे. लाइन जाते, खरेच जाते, आणि जून महिन्यात ढग गडगडायला लागले की आधीच जाते. पण लाइन गेल्यावर जावईबुवांचा क्लाउड माझ्या घरात कसा येतो? राउटर बंद, गल्लीतला फायबरचा डबा बंद, थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. माझे खोके मात्र घरच्या इन्व्हर्टरवर आहे. ते २५ वॉट खाते. आपला जुना छताचा पंखा ७५ वॉट खातो. ज्या इन्व्हर्टरवर दोन पंखे रात्र काढतात त्याला हे खोके म्हणजे माशी. मध्ये एक छोटा यूपीएस ठेवावा लागतो, कारण इन्व्हर्टर लागताना क्षणभर झटका बसतो आणि खोके पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हाच यूपीएस वायरने खोक्याला कळवतो की बॅटरी संपत आली, आणि खोके स्वतःच शहाण्यासारखे बंद होते. पहिल्या वर्षी मी हे लावले नव्हते. एकदा अर्धवट लिहिलेली फाइल गेली. चूक माझी होती, खोक्याची नव्हती.

विजेपेक्षा जास्त वेळा इंटरनेट जाते, हे पुण्यात बसून समजत नाही. कुठे नळाची पाइपलाइन टाकायला रस्ता खणला की फायबर तुटले. नोव्हेंबर २०२१मध्ये शेजारच्या अमरावती शहरात दंगल झाली तेव्हा संचारबंदीसोबत इंटरनेटही बंद झाले. त्या काळात ज्याचे हिशेब, पावत्या, पोरांच्या नोट्स सगळे दूरच्या सर्व्हरवर होते, तो स्वतःच्या घरात बसून स्वतःच्या कागदांना पारखा झाला होता. म्हणजे वीज आणि इंटरनेट धड नाही हा घरच्या साठ्याविरुद्धचा मुद्दा म्हणून मांडला जातो. मला तो घरच्या साठ्याच्या बाजूचा वाटतो. जिथे नळाला आठ दिवसांनी पाणी येते तिथेच लोक घरात टाकी बांधतात. यवतमाळकराला टाकी का बांधावी हे सांगावे लागत नाही. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटत आली तेव्हा सगळे शिकलो आहोत.

उन्हाचा मुद्दा मी गंभीरपणे घेतो. मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या साधारण ६० अंशांपर्यंत चालेल असे लिहितात, पण लिहिणे वेगळे आणि आपल्या स्लॅबखालची खोली वेगळी. गंमत म्हणजे याचे सर्वांत चांगले उत्तर गूगलनेच देऊन ठेवले आहे. २००७ साली त्यांच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास छापला. उष्णता आणि बिघाड यांचे नाते लोक समजतात तितके सरळ त्यांना आढळले नाही. फार वरच्या तापमानात आणि वय झालेल्या डिस्कांत ते दिसले. तेव्हा मी खोके माळ्यावरून काढून आतल्या खोलीत, खाली, फरशीजवळ ठेवले आणि मे महिन्यात दुपारी १२ ते ५ ते चक्क झोपते. माणसेही तेच करतात. मोठ्या डेटा सेंटरला दुपारची झोप परवडत नाही, आम्हाला परवडते.

आणि डिस्क मरते, हो, मरते. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी जो निबंध लिहिला त्याचा पायाच हा होता: स्वस्त डिस्क मरणारच, म्हणून एकाऐवजी अनेक लावा आणि एक मेली तरी काम अडू नये अशी व्यवस्था करा. त्यालाच रेड म्हणतात. माझ्या खोक्यात एका डिस्कचे प्रतिबिंब दुसरीत पडते. एक गेली की बाजारातून नवी आणायची, लावायची, रात्रभरात ती भरते. मात्र आरशासमोर उभे राहून मिशी कापली तर आरशातलीही कापली जाते. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. पुष्कळ लोक दोन डिस्क लावून निश्चिंत होतात आणि मग रडतात. त्यावरचा इलाज पुढे सांगतो.

आता भाड्याकडे येतो, आणि इथे यवतमाळकराला कोणी शिकवायला येऊ नये. आपली शकुंतला आठवा. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटी रूळ. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने उभारलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे ते रूळ. वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरावर आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून टाकलेले. देशातल्या इतर रेल्वे सरकारच्या झाल्या, हे रूळ मागे राहिले. गाडी भारतीय रेल्वेची, चालक तिचा, गार्ड तिचा, तोटा तिचा, प्रवासी आपण. आणि रुळांच्या वापराचे पैसे मात्र कंपनीला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४पर्यंत ही गाडी ओढत होते. दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रात बातमी यायची की अजूनही इंग्रज कंपनीला कोटीच्या घरात पैसे जातात, आणि ती वाचून पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस पेटायचा. गाडी आता बंद आहे, रुळांवर झुडपे आली आहेत.

तोच पेटलेला माणूस घरी येतो आणि फोनवर ‘जागा संपली, पैसे भरा’ असा निरोप आला की मुकाट्याने पैसे भरतो. फोटो त्याचे, पोरे त्याची, फोन त्याचा, विजेचे बिल त्याचे. रूळ दुसऱ्याचे.

शकुंतलेचा करार निदान दोन्ही बाजूंच्या सह्यांचा होता. इथे अटी एकच बाजू लिहिते आणि तीच बदलते. मे २०१५मध्ये गूगल फोटोज आले तेव्हा थोडे लहान करून कितीही फोटो फुकट ठेवा असे आमंत्रण होते. सहा वर्षे लोकांनी आयुष्य ओतले. १ जून २०२१पासून तो दरवाजा बंद झाला, नवे फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले. विद्यापीठांना दिलेली अमर्याद जागाही पुढच्या वर्षी आखडली. दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण मे २०२३मध्ये जाहीर झाले आणि डिसेंबरपासून लागू झाले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला मिटले. त्यावर आपल्या पिढीतल्या कितीजणांच्या कॉलेजच्या गमतीजमती होत्या, त्या आज कोणाकडे आहेत? मी या कंपन्यांना लबाड म्हणत नाही. दुकान त्यांचे, भाव त्यांचा. माझे म्हणणे असे की आपल्याकडचा शेतकरी भाव पडला की कापूस घरात भरून ठेवतो, त्यातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटली तरी ठेवतो, कारण ज्याच्या घरात जागा आहे त्यालाच ‘या भावात देत नाही’ म्हणता येते. ४०० जीबी दुसऱ्याच्या गोदामात असतील तर तुम्ही काय म्हणणार?

पण घरचे स्वस्त पडते, असे मात्र मी सांगणार नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. दोन डिस्क, यूपीएस, वायर, किरकोळ मिळून मला २६ हजारांच्या आसपास खर्च आला. २५ वॉट म्हणजे महिन्याला १८ युनिट. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये म्हटले तर १८० रुपये. पाच वर्षांत वीज १०,८००. बेरीज ३७ हजारांकडे जाते. दोन टीबीची जागा वर्षाला ६,५०० रुपयांनी भाड्याने घेतली तर पाच वर्षांत ३२,५०० होतात. म्हणजे एकट्या माणसाला भाडेच स्वस्त! माझ्याकडे जागा दुप्पट आहे आणि घरातली सहा माणसे ती वापरतात, हे धरले तर पारडे फिरते, पण मी पैशांवर हा खटला लढवत नाही. ज्याचे सगळे फोटो मिळून पन्नास जीबी आहेत आणि ज्याला खटपटीचा कंटाळा आहे, त्याने खुशाल भाडे भरावे.

ज्यांचे पोटच फाइलींवर आहे त्यांचा हिशेब निराळा. लग्नाचे व्हिडिओ काढणारी पोरे घ्या. आर्णी, घाटंजी, पांढरकवडा, वणी, कुठेही जा, प्रत्येक गावात दोन-चार आहेत. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटने केले तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे, सहा तास: ८१० जीबी. एकच लग्न! वर चढवायचा वेग २० मेगाबिट मिळाला तर एका कॅमेऱ्याचे एका तासाचे चित्रण चढायला पाच तास लागतात. सगळे लग्न चढायला पावणेचार दिवस, तेही मध्ये एकदाही लाइन न जाता. तेवढ्यात पुढचा मुहूर्त येतो. घरातल्या साध्या गिगाबिट वायरीवर हेच ८१० जीबी दोन-अडीच तासांत खोक्यात उतरतात. जावईबुवांनी हे गणित करून पाहिलेले दिसत नाही, कारण ते लग्नात जेवायला येतात, शूटिंगला नाही.

आणखी एक गोष्ट आहे जी पुण्याच्या सोसायटीत कोणाच्या ध्यानात येणार नाही. आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान, बंजारा अशी घरे किती आहेत! पोरगा बारावीला गेला की जात पडताळणीची धावपळ सुरू होते. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०च्या आधीच्या, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीच्या, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीच्या नोंदी शोधाव्या लागतात. कोतवाल बुकाची नक्कल, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, जुना फेरफार. एका भावाने मरमर करून ते जमवलेले असते, आणि पाच वर्षांनी चुलतभावाच्या पोरीला हवे असते तेव्हा कागद सापडत नाही. “मोबाइलमंदी फोटो होता बा, पन तो मोबाइलच गेला.” डिजिलॉकर २०१५पासून आहे, चांगला आहे, मी वापरतो. त्यात सरकारने दिलेले दाखले येतात, स्वतःचे कागद चढवायला १ जीबी जागाही मिळते. पण ते एकेकट्याचे खाते. पणजोबाच्या नावाचा कोतवाल बुकाचा उतारा ही भावकीची मालमत्ता आहे. आमच्या पेटीत ‘भावकी’ नावाचे एक फोल्डर आहे. ते सात घरांना उघडता येते, पुसता मात्र कोणालाच येत नाही. गेल्या तीन वर्षांत त्या फोल्डरवर दोन पोरांचे प्रवेश झाले. बाकी सगळे सोडून एवढ्यासाठीसुद्धा मी ते खोके चालवले असते.

“मोठ्यांचे कधी जात नाही,” असे जावईबुवा म्हणाले होते. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गूगल क्लाउडवरचे अख्खे खाजगी खाते गूगलच्याच चुकीने पुसले गेले. फंडाचे सहा लाखांवर सभासद. त्यांचा जीव वाचला तो फंडाने दुसऱ्या कंपनीकडे वेगळी प्रत ठेवली होती म्हणून. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातले ८५८ टीबी गेले. त्याची दुसरी प्रतच नव्हती. साठा फार मोठा आहे, प्रत कशी ठेवणार, असे कारण पुढे आले! वेगवान इंटरनेटसाठी नावाजलेल्या देशात. आणि डिस्क न जळता, काहीही न पुसता माणूस बाहेर कसा पडतो त्याचेही उदाहरण आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरांना दाखवायला काढला. यंत्राला तो अश्लील वाटला. खाते बंद झाले, ई-मेल, फोटो, फोन नंबर सगळे एकदम. पोलिसांनी निर्दोष ठरवले तरी खाते परत मिळाले नाही. २०२२ साली न्यूयॉर्क टाइम्सने हे छापले.

कंपनीचे अभियंते माझ्यापेक्षा शंभर पटींनी हुशार आहेत, त्यांच्या डिस्क माझ्यापेक्षा सुरक्षित आहेत, मान्य. पण माझे खाते बंद झाले तर दाद मागायला मी कोणत्या खिडकीवर जाऊ?

चोर आणि व्हायरस. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलचे माय बुक लाइव्ह नावाचे घरगुती डबे जगभरात इंटरनेटवरून कोणीतरी कोरे केले. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या टोळीने क्यूनॅपचे डबे कुलूपबंद करून किल्लीसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. हे दडवून नॅसचे गुणगान करणारा माणूस विक्रेता समजावा. पण या डब्यांचा घात कशाने झाला? ते थेट इंटरनेटवर उघडे होते. बाहेरून फोटो बघायची घाई झालेल्या मालकांनी घराचा मागचा दरवाजा सताड ठेवला होता. माझी पेटी इंटरनेटला दिसतच नाही. बाहेरगावी असताना लागलेच तर वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरच्या बंद बोगद्यातून आत येतो, आणि खरे सांगायचे तर वर्षातून चारदासुद्धा लागत नाही. बारा महिने चोवीस तास सगळीकडून सगळे दिसलेच पाहिजे, हा हट्ट कोणी आपल्या डोक्यात घातला कोण जाणे.

राहिला शेवटचा प्रश्न, जो जावईबुवांनी जरा संकोचून विचारला होता. मी नसलो तर?

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेले. सगळे फोटो त्यांच्या खात्यात. फोन होता, पण रिचार्ज संपला. कोणाच्या ध्यानात राहणार त्या दिवसांत? काही महिन्यांनी नंबर दुसऱ्याच कोणाला गेला. आता पासवर्ड बदलायला जो आकडा येतो तो त्या अनोळखी माणसाच्या फोनवर येतो. काकूंनी मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला, इंग्रजीत उत्तर आले, पुन्हा केला, पुन्हा तेच उत्तर. मृत्यूनंतर खाते कोणाला द्यायचे हे आधी नोंदवून ठेवायची सोय काही कंपन्यांनी दिली आहे. मी दहा जणांना विचारले; एकानेही नोंदवलेले नाही.

म्हणजे ‘नंतर कोण’ हा प्रश्न क्लाउडलाही तसाच आहे, फक्त तिथे तो विचारायचा कोणाला हे कळत नाही. या बाबतीत मला आपल्या वऱ्हाडातले जुने उदाहरण आठवते. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिले. किल्ली पंथाच्या आत राहिली आणि मराठीतले ते सगळे वाङ्मय बाहेरच्या वाचकाला शतकानुशतके दिसलेच नाही. विसाव्या शतकात त्या लिपीची उकल झाली. इथे यवतमाळातच य. खु. देशपांड्यांनी शारदाश्रमात त्या पोथ्यांवर आयुष्य घातले आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ काढला. त्याआधीची गोष्ट आणखी बोलकी आहे. म्हाइंभटांनी रिद्धपुरात सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी खालशाच्या धाडीत नष्ट झाली असे परंपरा सांगते. ते पुन्हा उभे राहिले ते हिराइसेसारख्या पंथातल्या माणसांना ते पाठ होते म्हणून. पोथी एका ठिकाणी होती, पाठ अनेकांच्या मुखात.

म्हणून मी दोन कामे केली आहेत. पासवर्ड आणि पेटी कशी उघडायची याची कृती वहीच्या दोन पानांवर मराठीत लिहून विम्याच्या कागदांसोबत ठेवली आहे, आणि सुनेकडून एकदा त्या कृतीवरून पेटी उघडवून घेतली आहे. पहिल्या खेपेला तिला जमले नाही. माझ्या लिहिण्यात एक पायरी राहिली होती.

दुसरे काम त्या आरशावरचा आणि पाण्या-आगीवरचा इलाज. जुलै २०२३मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढले आणि माणसे काढायला हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. असे पाणी घरात शिरले तर पेटी, आरसा, यूपीएस, सगळे एकदम जाणार. एका घरातल्या दहा प्रतीही एकच प्रत असतात. म्हणून तिसरी डिस्क पुसदला बहिणीकडे असते, कपाटात, वायर न लावता. दर भाऊबीजेला मी नवी भरलेली डिस्क घेऊन जातो आणि मागची घेऊन येतो. तिच्या घरच्या फोटोंचीही एक प्रत तशीच माझ्याकडे येते. ओवाळणीत दोघांचे भागते.

जावईबुवांना एकच विनंती. तुमच्या खात्यातले सगळे फोटो एकदा मागवून बघा. तशी सोय आहे, गूगलने २०११पासून दिलेली आहे. किती तुकड्यांत येतात, किती दिवस लागतात आणि उतरवल्यावर ठेवायला घरात जागा कुठे आहे, हे कळवा. आणि घरातला एखादा जुना संगणक भंगारात देणार असाल तर आधी मला फोन करा.